दंड की वेगाचे भाडे?

गेल्या महिन्यात एका दुपारी माझ्या मोबाईलवर वाहतूक पोलिसांचा संदेश आला. तीन आठवड्यांपूर्वी, सकाळी साडेदहाच्या सुमारास, माझी मोटार एका गावातून जाणाऱ्या महामार्गावर ताशी ७२ किलोमीटर वेगाने धावत होती. तेथील मर्यादा ताशी ५० किलोमीटरची होती. सबब दंड रुपये २,०००. पस्तीस वर्षे शाळेत पदार्थविज्ञान शिकविण्यात घालविलेल्या, कधी रांग न मोडणाऱ्या आणि विजेचे बिल मुदतीपूर्वी भरणाऱ्या माझ्यासारख्या माणसाला सरकारदरबारी अपराधी ठरण्याचा हा पहिलाच प्रसंग. साहजिकच मनात प्रथम उमटला तो पश्चात्ताप नव्हे, संताप होता. रस्ता मोकळा होता, इतर वाहने माझ्याही पुढे जात होती, मर्यादेची पाटी कडुनिंबाच्या फांदीआड दडलेली होती, आणि मुख्य म्हणजे मला कसलीही घाई नव्हती, असा बचाव मी मनातल्या मनात रचला. यांतला शेवटचा मुद्दा हा बचाव नसून कबुलीजबाब आहे, हे ध्यानात यावयास थोडा वेळ लागला.

घरात ही वार्ता पसरली तेव्हा पुतण्याने तत्काळ सल्ला दिला, "काका, आत्ता कशाला भरताय? लोकअदालत लागेल तेव्हा निम्म्यात मिटेल." शेजारच्या गृहस्थांनी आपल्या नावावर अशी सात चलने जमा असल्याचे काहीशा अभिमानाने सांगितले. शाळेतील एका जुन्या सहकाऱ्याने सरकारला तिजोरी भरण्यासाठी मास्तरच बरे सापडतात, असा शेरा मारला. पाचसहा जणांशी या विषयावर बोलणे झाले, परंतु "वेग जास्त होता का हो?" एवढा साधा प्रश्न एकानेही विचारला नाही. वजनात मारल्याबद्दल दंड झालेला दुकानदार ती गोष्ट लपवितो. वेगाबद्दल दंड झालेला प्रतिष्ठित मनुष्य ती चहाबरोबर रंगवून सांगतो. दोन्ही अपराध कायद्याने शिक्षेस पात्र ठरविलेले आहेत. मग एकाची लाज वाटावी आणि दुसऱ्याची वाटू नये, असे का व्हावे? या प्रश्नाचा विचार वाहनचालकानेच नव्हे, तर रस्ता ओलांडणाऱ्या प्रत्येकाने करावयास हवा.

माझ्यापुरते उत्तर मला त्या चलनासोबतच्या छायाचित्रात मिळाले. संदेशातील दुवा उघडला की यंत्राने टिपलेले छायाचित्र दिसते. मी ते उघडले होते ते मोटार खरोखर माझीच आहे का, एवढे पाहण्यासाठी. मोटार माझीच होती. परंतु छायाचित्राच्या डाव्या कडेला, रस्त्याच्या अगदी काठावर, निळ्या गणवेशातील दोन मुली दप्तरे पाठीला लावून उभ्या होत्या. एकीचे पाऊल डांबरावर होते. त्या क्षणी मी त्यांना पाहिल्याचे मला अजिबात आठवत नाही. त्या मुलींनी मात्र मला पाहिले असणार, कारण त्या थांबलेल्या होत्या.

त्या संध्याकाळी मी कागद घेऊन, आयुष्यभर फळ्यावर सोडविलेले गणित पुन्हा एकदा सोडविले. ताशी ५० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे १४ मीटर. ताशी ७२ किलोमीटर म्हणजे सेकंदाला बरोबर २० मीटर. वेग दीडपटही झालेला नाही. परंतु गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे ती दुपटीहून अधिक झाली. संकट दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत एक सेकंद जातो असे धरले, रस्ता कोरडा आणि ब्रेक उत्तम आहेत असेही धरले, तर ५० च्या वेगाची मोटार साधारणपणे २८ मीटरांत थांबते. ७२ च्या वेगाच्या मोटारीला ४८ मीटरांहून अधिक अंतर लागते. याहूनही विदारक गोष्ट पुढेच आहे. ज्या ठिकाणी पहिली मोटार पूर्णपणे उभी राहिलेली असते, त्याच ठिकाणी दुसऱ्या मोटारीचा वेग ब्रेक लावूनही ताशी ६० किलोमीटरच्या वर असतो. आणि या सर्व उद्योगाची कमाई काय? ते गाव फार तर दोन किलोमीटर लांबीचे. तेवढ्या अंतरात मी ४४ सेकंद वाचविले होते. त्या ४४ सेकंदांचे पुढे मी काय केले, हे मला सांगता येणार नाही.

वेगाच्या दंडाचा इतिहास मोटारीइतकाच जुना आहे. जानेवारी १८९६ मध्ये इंग्लंडच्या केंट परगण्यात वॉल्टर अर्नोल्ड या गृहस्थाने ताशी २ मैलांची मर्यादा असलेल्या भागातून ताशी ८ मैलांच्या वेगाने मोटार नेली. एका पोलीस शिपायाने सायकलवरून सुमारे पाच मैल पाठलाग करून त्याला गाठले, आणि वेगाच्या आरोपाबद्दल न्यायालयाने त्याला एक शिलिंग दंड व खर्च ठोठावला. अर्नोल्डचा धंदा मोटारी विकण्याचा होता; तेव्हा या दंडाने त्याचे नुकसान झाले की जाहिरात, हे सांगणे कठीण आहे. ही कथा गमतीची म्हणून वारंवार सांगितली जाते. त्याच वर्षाच्या ऑगस्ट महिन्यातील दुसरी हकीकत तितकी सांगितली जात नाही. लंडनच्या क्रिस्टल पॅलेस परिसरात ब्रिजेट ड्रिस्कॉल नावाची चव्वेचाळीस वर्षांची स्त्री मोटारीखाली सापडून मरण पावली. ब्रिटनमध्ये पेट्रोलच्या मोटारीने घेतलेला पादचाऱ्याचा हा पहिला बळी. आपण ताशी ४ मैलांनीच जात होतो, असे चालकाचे म्हणणे होते. चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने असा प्रकार पुन्हा कधी घडू नये, अशी आशा व्यक्त केली. वेगाचा दंड आणि वेगाचा बळी एकाच वर्षी जन्मास आले. आपण हसण्यासाठी पहिला लक्षात ठेवला आणि दुसरा विसरलो.

त्या आशेचे काय झाले, हे आपल्या देशापुरते आकड्यांत पाहता येते. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात भारतात ४,६१,३१२ रस्ते अपघात झाले आणि त्यांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. यांपैकी ७१ टक्क्यांहून अधिक मृत्यूंची नोंद अतिवेग या कारणाखाली झाली आहे. पोलीस पंचनाम्यातील 'अतिवेग' या एका शब्दाखाली रस्त्याचे, प्रकाशाचे आणि वळणाचे कितीतरी दोष झाकले जात असतील, हे मान्य करूनही हा आकडा एखाद्या महायुद्धाला शोभावा असा आहे. मात्र युद्धातील मृतांसाठी स्तंभ उभारले जातात. रस्त्यावरील मृतांसाठी फार तर एक फलक उभा राहतो, आणि त्यावर 'अपघातप्रवण क्षेत्र' एवढेच लिहिलेले असते.

यावर शासनाला सुचलेला उपाय म्हणजे दंडाची रक्कम वाढविणे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यातील कलम १८३ अन्वये अतिवेगाबद्दल पहिल्या वेळी जास्तीत जास्त ४०० रुपये दंड होत असे. २०१९ च्या दुरुस्तीने हलक्या मोटारींसाठी तो १,००० ते २,००० रुपयांपर्यंत आणि मध्यम व अवजड वाहनांसाठी २,००० ते ४,००० रुपयांपर्यंत नेला. महाराष्ट्राने वाढीव दंडाची आकारणी डिसेंबर २०२१ मध्ये सुरू केली. रक्कम वाढविणे चुकीचे होते, असे कोणी म्हणणार नाही. तीन दशकांत चारशे रुपयांची किंमत काय उरली होती, हे महिनाअखेरीस हिशेब मांडणाऱ्या कोणत्याही कारकुनाला सांगावयास नको. परंतु रक्कम वाढली म्हणजे धाक वाढला, असे समीकरण मांडणे मात्र घाईचे ठरेल.

या संदर्भात इस्रायलमधील हैफा शहरी झालेला एक प्रयोग उद्बोधक आहे. उरी ग्नीझी आणि आल्डो रुस्तिचिनी या दोन अर्थशास्त्रज्ञांनी तो २००० साली प्रसिद्ध केला. तेथील पाळणाघरांतून मुलांना नेण्यास काही पालक उशिरा येत आणि शिक्षिकांना ताटकळत बसावे लागे. दहापैकी सहा पाळणाघरांत उशिराबद्दल लहानसा दंड सुरू करण्यात आला. अपेक्षा अशी, की पालक वेळेवर येऊ लागतील. घडले ते उलटेच. उशिरा येणाऱ्यांची संख्या वाढली, आणि पुढे दंड रद्द केल्यावरही ती पूर्वपदावर आली नाही. कारण उघड आहे. पूर्वी उशीर झाला की पालकाला शिक्षिकेसमोर ओशाळे व्हावे लागे; दंड आला आणि ओशाळेपणाची जागा देवघेवीने घेतली. पैसे दिले, तास विकत घेतला, हिशेब मिटला. दंड आणि शुल्क या दोन शब्दांत आपल्या भाषेने जो भेद केला आहे, तो येथे पुसला गेला. शुल्क भरणाऱ्याला कृती पुन्हा करण्याचा हक्क मिळतो. दंड भरणाऱ्याने ती पुन्हा करू नये, अशी अपेक्षा असते. माझ्या शेजाऱ्यांची सात चलने ही या अर्थाने दंडाची चलने नव्हेतच. ती वेगाच्या भाड्याची बिले आहेत, आणि तीही थकलेली.

आपल्याकडे दंडाचे शुल्क होण्यास तीन गोष्टी कारणीभूत आहेत असे मला वाटते. पहिली, अनिश्चितता. पकडले जाणे हा चालकाच्या लेखी न्यायाचा नव्हे, नशिबाचा भाग असतो. समोरून येणारा अनोळखी चालक दिवे मिचकावून पुढे पोलीस असल्याची सूचना देतो आणि आपण ती भूतदया समजून कृतज्ञतेने वेग कमी करतो. कॅमेऱ्याचा खांब मागे पडला की पुन्हा पाय दाबतो. गंमत अशी, की वेग टिपणारी यंत्रे जगभर पोहोचविणाऱ्या मॉरिस गात्सोनिडेस या डच शर्यतपटूने आपले पहिले यंत्र इतरांना पकडण्यासाठी नव्हे, तर वळणावर आपली मोटार आणखी वेगाने कशी काढता येईल हे मोजण्यासाठी तयार केले होते. यंत्राला नीती नसते. ती वापरणाऱ्याला असावी लागते. आता दोन ठिकाणांमधील अंतर आणि लागलेला वेळ यांवरून सरासरी वेग काढण्याची पद्धतही आली आहे. खांबापुरती सभ्यता दाखविण्याची सवय तिने कदाचित मोडेल.

दुसरी गोष्ट, विलंब. वर्गात खोडी करणाऱ्या मुलाला तीन आठवड्यांनी शिक्षा केली, तर ती कशाबद्दल हे त्याला कळत नाही; त्याला फक्त मास्तरांचा राग कळतो. इलेक्ट्रॉनिक देखरेखीसाठी २०२१ साली केंद्रीय मोटार वाहन नियमांत १६७-अ हा नियम घालण्यात आला, तेव्हा अपराधाची सूचना पंधरा दिवसांत पाठवावी, असे त्यात नमूद होते. मला ती एकविसाव्या दिवशी मिळाली. त्यानंतरची कथा तर सर्वांना ठाऊकच आहे. चलने साचत जातात, ती साचली की तडजोडीचा दिवस येतो, आणि वेळेवर भरणारा मूर्ख ठरून न भरणारा शहाणा ठरतो. माझ्या पुतण्याचा सल्ला अनैतिक असेल, पण अव्यवहारी खासच नव्हता. तो त्याला व्यवस्थेनेच शिकविला आहे.

तिसरी गोष्ट, विषमता. दोन हजार रुपये ही रिक्षाचालकाची दोनतीन दिवसांची कमाई असू शकते; कोट्यवधींच्या मोटारीत बसणाऱ्याला ती एका जेवणाची किंमतही नसते. फिनलंडने या प्रश्नाचे उत्तर १९२१ पासून शोधून ठेवले आहे. तेथे गंभीर अपराधाचा दंड माणसाच्या दैनिक उत्पन्नाच्या प्रमाणात आकारतात. २०२३ साली फिनलंडच्या ओलांड बेटांवर ५० च्या मर्यादेत ताशी ८२ किलोमीटर वेगाने जाणाऱ्या एका धनाढ्य व्यावसायिकास १,२१,००० युरो दंड झाला. ही कल्पना आपल्यालाही अगदी अपरिचित नाही. ज्या अपराधासाठी सामान्य माणसाला एक कार्षापण दंड, त्याच अपराधासाठी राजाला सहस्र कार्षापण, असे मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात म्हटले आहे. अर्थात त्याच ग्रंथाने जन्मजातीनुसारही दंड कमीअधिक केले. म्हणूनच २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला त्याचे दहन झाले आणि ते यथायोग्यच झाले. दंड ऐपतीनुसार बदलणे हा न्याय; तो जन्मानुसार बदलणे हा अन्याय. आजची विषमता या दोहोंहून वेगळी आहे. रक्कम सर्वांना सारखी, पण जाच फक्त गरिबाला.

त्याच अध्यायात रथाच्या अपघातांचाही विचार आहे. सारथी अकुशल असल्यामुळे कोणास इजा झाली, तर सारथ्याला नव्हे, तसा सारथी ठेवणाऱ्या स्वामीला दोनशे पण दंड सांगितला आहे. हा धागा आधुनिक कायद्यातही आहे, हे फारच थोड्यांना ठाऊक असेल. कलम १८३ केवळ वेगाने हाकणाऱ्याला नव्हे, तर आपल्या नोकराला वा आपल्या अधीन माणसाला वेगाने हाकावयास लावणाऱ्यालाही शिक्षापात्र ठरविते. एवढेच नव्हे, मर्यादा ओलांडल्याखेरीज पुरा होऊच शकणार नाही असा प्रवास अमुक वेळेत झाला पाहिजे, असे वेळापत्रक काढणे वा तशी सूचना देणे हा त्याचा प्रथमदर्शनी पुरावा मानावा, अशीही तरतूद कायद्यात आहे. ट्रक पहाटेपूर्वी बाजारात पोहोचलाच पाहिजे असे बजावणारा मालक आणि दहा मिनिटांत किराणा दारी आणून देण्याचे आश्वासन विकणारी कंपनी यांना हे कलम कितीदा लावले जाते? चलन मात्र दुचाकीवरील पोराच्या नावे फाटते. आणि त्या दहा मिनिटांची वाट पाहत गॅलरीत उभे राहणारे आपण, आपणही त्या घाईचे भागीदारच असतो.

शासनाची बाजू स्वच्छ असल्याखेरीज दंडाला नैतिक वजन येत नाही, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगितले पाहिजे. १६७-अ या नियमानेच देखरेखीच्या टप्प्याआधी ठळक इशारा-फलक लावण्याची आणि यंत्रांना दरवर्षी नूतनीकरण केलेले प्रमाणपत्र असण्याची अट घातली होती. फांदीआडची पाटी हा माझा बचाव होऊ शकत नाही. पण ती फांदी तोडण्याची जबाबदारी ज्यांच्याकडे होती, त्यांनाही कोणीतरी चलन पाठवावयास हवे. गावाच्या मध्यातून धावपट्टीसारखा सरळ रस्ता काढावयाचा, पदपथ द्यावयाचा नाही, शाळेसमोर ओलांडण्याची जागा आखावयाची नाही, गतिरोधक केलाच तर त्यावर पांढरे पट्टे मारावयाचे नाहीत, आणि मग खांबावर एक यंत्र बसवून कर्तव्यपूर्तीचे समाधान मानावयाचे, हा व्यवहार दंडाला वसुलीचे स्वरूप देतो. वसूल झालेल्या रकमेतून त्याच गावाच्या शाळेसमोर एक सुरक्षित वाट तयार झाली आणि तसा फलक तेथे लागला, तर दंड भरणाऱ्याच्या मनातील कडवटपणा बराच ओसरेल.

परंतु शासनाचे दोष मोजून झाल्यावर माझा वेग ताशी ७२ वरून ५० वर येत नाही. येथेच आपली सुशिक्षित मंडळी फसगत करून घेतात. व्यवस्था सदोष आहे, म्हणून माझा अपराध हा अपराध नव्हे, असा आपला लाडका युक्तिवाद असतो. मी जन्मभर मुलांना सांगत आलो, की उत्तर चुकले तर प्रश्नपत्रिकेच्या छपाईला दोष देऊ नका. ते वाक्य इतक्या वर्षांनी माझ्याकडे परत आले.

मी दंड त्याच रात्री भरला, पूर्ण भरला. पुतण्याने मान हलविली; त्याच्या दृष्टीने काकांनी हजार रुपये पाण्यात टाकले. पुढच्या आठवड्यात त्याच रस्त्याने जाण्याचा प्रसंग आला. गावाची हद्द लागताच मी काटा ५० च्या खाली आणला आणि वेळ तीच असल्याने शाळेच्या अलीकडे आणखी हळू झालो. मागच्या ट्रकचालकाने भोंगा वाजविला, एका मोटारवाल्याने शेजारून जाताना काचेतून काहीतरी सुनावले. कडेला निळ्या गणवेशातील काही मुली उभ्या होत्या. त्या दोघी त्यांत होत्या की नाही, हे मला ओळखता आले नसते. मी थांबलो. त्या ओलांडून गेल्या, एकमेकींशी बोलत, माझ्याकडे न पाहता. त्यांनी माझ्याकडे पाहावे असे काही घडलेच नव्हते. रस्ता ओलांडणाऱ्याला चालकाकडे पाहण्याची गरज न वाटणे, हीच वेगमर्यादेची खरी फलश्रुती होय. ती २,००० रुपयांत मिळत असेल, तर महाग नाही.